टाळ चुकला की ठिपके दिसतात

कसाऱ्याहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळाच्या डब्यातून ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना जिटर समजवायला मला पाच मिनिटं पुरतात. बाकीच्यांना जरा जास्त लागतात.

डब्यात पंधरा-वीस जण, हातात टाळ, आणि पखवाजाला जागा नसली तर डब्याचा पत्रा आहेच. अभंग संथ सुरू होतो. कल्याण गेलं की लय चढू लागते आणि ठाण्यापर्यंत गजर टिपेला पोचतो. या चढण्याचा त्रास कुणालाच होत नाही, कारण सगळे मिळून चढतात. त्रास होतो तो एका नवख्या टाळकऱ्याचा. त्याचे मिनिटभराचे ठोके मोजा, इतरांइतकेच भरतील. पण एक ठोका किंचित आधी पडतो, पुढचा किंचित उशिरा. सरासरी बरोबर, प्रत्येक ठोका चुकलेला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये यंत्राला ठेका देणाऱ्या सिग्नलला क्लॉक म्हणतात, आणि क्लॉकच्या या चुकण्याला जिटर. लय सगळ्यांसकट हळूहळू सरकत असेल तर त्याला वाँडर म्हणतात, आणि त्याचं दुखणं निराळं असतं.

मी गेली बावीस वर्षं मुंबईतल्या स्टुडिओंसाठी छोटी व्हिडिओ यंत्रं बनवतो आणि दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गोरेगावच्या एका स्टुडिओतून फोन आला. आम्ही दिलेलं लोगो बसवणारं यंत्र लावलं की शेवटच्या खोलीतल्या मॉनिटरवर पांढरे ठिपके चमकतात, काढलं की चित्र स्वच्छ. मधल्या तीन मॉनिटरवर मात्र एकही ठिपका नाही. मी सवयीने केबलला दोष दिला. मुंबईच्या पावसात केबलच्या टोकाचे बीएनसी कनेक्टर हिरवे पडतात, हे कारण निम्म्या वेळा खरं असतं. या वेळी ते खरं नव्हतं.

पुढे काय झालं ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेव्हा सगळं ॲनालॉग होतं. वेळेतली चूक तेव्हा उघड दिसायची: उभ्या रेषा नागमोडी व्हायच्या, घरच्या व्हिडिओ कॅसेटवर तर दाराची चौकट हलायची. १९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण आलं आणि त्याच वर्षी जगाने डिजिटल व्हिडिओचा पहिला समाईक नियम ठरवला. त्या नियमाने चित्राचे नमुने सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा घ्यायचे ठरले, म्हणजे १३.५ मेगाहर्ट्झ. हा आकडा हवेतून आलेला नाही. आपली ६२५ ओळींची पद्धत आणि अमेरिकेची ५२५ ओळींची, दोन्हींत एका ओळीत पूर्ण नमुने बसतात (आपल्याकडे ८६४, त्यांच्याकडे ८५८) असा तो निवडलाय. चमक आणि रंग मिळून २७ मेगाहर्ट्झ, प्रत्येक नमुना दहा बिटांचा (बिट म्हणजे एक ‘शून्य’ किंवा ‘एक’), म्हणून एका तारेवरून सेकंदाला २७ कोटी बिट. पुढे एचडी आलं आणि क्लॉक ७४.२५ मेगाहर्ट्झचा झाला, तारेवरचा वेग १.४८५ गिगाबिट.

या वेगाला एक बिट ६७३ पिकोसेकंद टिकतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या लाख कोटी भागांतला एक. हे वाचून डोक्यात काहीच उभं राहत नाही, म्हणून मी नवीन मुलांना फूटपट्टी देतो. सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून विजेचा सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण पंधरा सेंटिमीटर धावतो. म्हणजे एचडीचा एक बिट बोर्डावर सुमारे दहा सेंटिमीटर लांबीचा असतो. फोर-केसाठी वापरतात त्या १२ गिगाबिटच्या तारेचा बिट जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. एवढ्याशा तुकड्याच्या मधोमध ‘शून्य की एक’ हे वाचायचं असतं. वाचण्याचा क्षण मधून सरकत कडेला गेला की शेजारचा बिट वाचला जातो. तोच तो पांढरा ठिपका.

गंमत अशी की या तारेत क्लॉक वेगळा पाठवलेलाच नसतो. स्टुडिओतली ती ७५ ओहमची केबल फक्त बिट नेते. समोरच्या यंत्राने शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतानाच्या कडा पाहून ताल ओळखायचा. टाळ दिसत नाही, नुसता आवाज ऐकून ठेका धरायचा. लागोपाठ खूप शून्यं आली तर कडाच येत नाहीत, म्हणून पाठवणारं यंत्र बिट मुद्दाम विस्कटून पाठवतं. तरीही काही रंग असे आहेत की त्यांच्यामुळे विस्कटूनसुद्धा लांबलचक शांतता तयार होते. यंत्राची परीक्षा घ्यायला स्टुडिओवाले मुद्दाम तेच चित्र लावतात: वरचा अर्धा भाग जांभळट, खालचा राखाडी. दिसायला अगदी बिनडोक चित्र, पण कच्च्या यंत्राला घाम फोडतं.

आता मूळ प्रश्न. क्लॉकची कड पुढे-मागे होते कशामुळे? उत्तर एका वाक्यात मावतं: व्होल्टेजमधली गडबड वेळेतली गडबड होऊन बाहेर पडते. क्लॉकची कड म्हणजे चढण. व्होल्टेज खालून वर जाताना ठरलेली रेघ ज्या क्षणी ओलांडतं, तो ‘ठोका’. त्या चढणीवर १० मिलिव्होल्टची खरखर बसली आणि चढण नॅनोसेकंदाला एक व्होल्ट इतकी उभी असली, तर ठोका १० पिकोसेकंद इकडेतिकडे होईल. तीच खरखर दहापट लोळलेल्या चढणीवर बसली तर चूक १०० पिकोसेकंदांची. म्हणून क्लॉकची कड जितकी उभी तितकी चांगली. ती कड लांब, पातळ, चुकीच्या जोडणीच्या रेषेतून फिरवून आणली की लोळते, आणि आजूबाजूचा सगळा गोंगाट तिला सापडतो.

हा गोंगाट दोन जातींचा. एक उष्णतेमुळे होणारा, कशाशीच नातं नसलेला. त्याला वरची हद्द नाही, जितका वेळ मोजाल तितका मोठा सापडतो. लाख कोटी बिटांत एक चूक चालेल असं धरलं, तर त्याच्या सरासरी मापाच्या चौदापट जागा सोडावी लागते. दुसऱ्या जातीला मालक असतो: वीजपुरवठ्याची लहर, शेजारच्या रेषेतली धडधड, केबलमधून परतलेला प्रतिध्वनी. मालक सापडला की ती बंद करता येते. कामाचा निम्मा वेळ या मालकाला शोधण्यात जातो.

प्रतिध्वनीवरून आठवलं. लॅमिंग्टन रोडवर बीएनसी मागितला की बऱ्याचदा ५० ओहमचा हातात पडतो, कारण रेडिओवाले तोच नेतात. दिसायला सख्खा भाऊ, बसतोही व्यवस्थित. जुन्या वेगाला तो खपून जायचा. ३ गिगाबिटच्या पुढे तो ७५ ओहमच्या केबलशी न जुळल्यामुळे सिग्नलचा काही भाग मागे ढकलतो आणि कड बिघडते. विकत घेताना आतल्या पांढऱ्या प्लॅस्टिककडे पाहा. ५० ओहमच्या कनेक्टरच्या तोंडाशी ते ठळक दिसतं, ७५ च्या बहुतेक कनेक्टरमध्ये ते नसतं किंवा अगदी कमी असतं.

आता उपायाकडे येऊ. क्लॉक साफ करणाऱ्या सर्किटला पीएलएल म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, काम लक्षात ठेवा. हा डब्यातला जुना टाळकरी आहे. त्याच्या हातात स्वतःचा टाळ आहे, म्हणजे व्होल्टेजने कंपनाचा वेग किंचित कमी-जास्त करता येणारा क्रिस्टल, ज्याला आम्ही व्हीसीएक्सओ म्हणतो. तो समोरच्याचा ठेका ऐकतो, आपल्या ठेक्याशी ताडून पाहतो आणि फरक दिसला तर आपला वेग थोडा बदलतो. सगळं मर्म या ‘थोडा’मध्ये आहे. प्रत्येक ठोक्याबरोबर तो धावला तर नवख्याच्या साऱ्या चुका त्याच्याही टाळात उतरतील. तो फारच अडून बसला तर मंडळाची लय चढलेली त्याला कळणारच नाही. तो किती चटकन ऐकतो याला लूप बँडविड्थ म्हणतात. तिच्यापेक्षा हळू थरथर जशीच्या तशी पुढे जाते. तिच्यापेक्षा जलद थरथर गाळली जाते, आणि तिच्या जागी पीएलएलच्या स्वतःच्या क्रिस्टलची थरथर येते.

हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. पीएलएल जिटर पुसत नाही. कुणाची थरथर पुढे पाठवायची, समोरच्याची की स्वतःची, एवढंच तो ठरवतो. बँडविड्थ अरुंद ठेवली तर स्वतःचा क्रिस्टल निर्मळ असावाच लागतो, कारण ऐकू येणार तो त्याचाच. महागडी ‘जिटर क्लीनर’ आयसी बसवून तिला गढूळ पुरवठा देणारे अनेक बोर्ड माझ्या टेबलावर येऊन गेलेत. एक माझाही होता.

बँडविड्थ किती ठेवायची हे यंत्राच्या जागेवर ठरतं. घरातला सेट-टॉप बॉक्स घ्या. प्रक्षेपणाच्या प्रवाहात मधूनमधून वेळेचा शिक्का येतो, जास्तीत जास्त १०० मिलिसेकंदांनी एकदा. तो शिक्का ५०० नॅनोसेकंद इकडेतिकडे असला तरी नियमात बसतो. बॉक्सने त्यावरून आपला २७ मेगाहर्ट्झचा क्लॉक जुळवायचा. जुन्या टीव्हीला जोडलं तर त्याच क्लॉकवरून रंगाची ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झची लहर तयार होते. बॉक्स प्रत्येक शिक्क्यामागे धावला तर ती लहर डगमगते आणि टीव्ही रंगच सोडून देतो, चित्र काळंपांढरं. म्हणून तिथे लूप अतिशय मंद ठेवतात. उलट स्टुडिओतल्या केबलच्या टोकाला बसणारा रिक्लॉकर, म्हणजे आलेले बिट वाचून नव्या ठेक्यावर पुढे पाठवणारा भाग, चटपटीत असतो. कारण त्याचं पहिलं काम आलेला बिट बरोबर वाचणं, आणि त्यासाठी बिट जिथे सरकेल तिथे त्याला सरकावं लागतं.

मापनाचे नियमही याच तर्कावर उभे आहेत. एचडीसाठी जिटर दोनदा मोजतात. १० हर्ट्झच्या वरची सगळी थरथर म्हणजे टायमिंग जिटर, मर्यादा एका बिटाइतकी. १०० किलोहर्ट्झच्या वरची तेवढी अलाइनमेंट जिटर, मर्यादा बिटाच्या पाचव्या भागाइतकी. हळू थरथरीबरोबर समोरचा डोलू शकतो म्हणून तिथे सैल, जलद थरथरीला तो पुरा पडत नाही म्हणून तिथे कडक.

आमच्या लोगोच्या यंत्राची अलाइनमेंट जिटर बिटाच्या आठव्या भागाएवढी होती. पास. तो कागद दाखवून मी स्टुडिओतल्या इंजिनियरशी दोन दिवस वाद घातला. ‘यंत्र बरोबर आहे, तुमचं शेवटचं यंत्र जुनं आहे.’ ते म्हणाले, ‘साहेब, जुनं आहे, पण तुमचं येईपर्यंत चालत होतं ना.’ याला उत्तर नव्हतं.

यंत्र परत अंधेरीला आणलं. टेबलावर तासभर चालवलं, सगळं ठीक. आमच्याकडे तेव्हा पॉलिटेक्निकची एक मुलगी शिकायला येत होती. तिने विचारलं, ‘सर, स्टुडिओत दोन्ही चॅनल वापरतात का?’ नव्हते वापरत. एकच वापरायचे, दुसरा मेनूतून बंद. मी टेबलावर नेहमी दोन्ही चालू ठेवायचो, दोन्ही तपासायचे असतात म्हणून. दुसरा चॅनल बंद केला. ती बोर्डावर वाकली आणि म्हणाली, ‘सर, हे शिट्टी वाजवतंय.’ मला काही ऐकू येईना. एसी बंद केला, कान जवळ नेला, तेव्हा बारीक किणकिण आली, एखादा डास लांबून यावा तशी.

बोर्डावरचे सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे छोटे भाग, व्होल्टेज बदललं की कणभर आकसतात-फुगतात. बदल कानाच्या पट्ट्यातला असला तर बोर्डच गाऊ लागतो. आमचा वीजपुरवठ्याचा रेग्युलेटर एरवी ३०० किलोहर्ट्झने चालू-बंद होतो, तो कुणाला ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. पण एक चॅनल बंद झाल्यावर भार उतरला. वीज वाचवायला हा रेग्युलेटर मग डुलक्या काढू लागतो: चार-सहा झटके मारतो, थांबतो, पुन्हा मारतो. या डुलक्या सेकंदाला तीन हजारांच्या आसपास पडत होत्या आणि त्यांची लहर व्हीसीएक्सओच्या कंट्रोल व्होल्टेजपर्यंत पोचत होती.

तीन किलोहर्ट्झच का घातक, ते पाहण्यासारखं आहे. कंट्रोल व्होल्टेज हललं की क्रिस्टलचा वेग किंचित बदलतो, आणि वेळेतली चूक साचत जाते. धक्का एका बाजूला जितका वेळ टिकेल तितकी ती मोठी होते. ३०० किलोहर्ट्झची लहर क्षणात उलटते, साचलेलं लगेच फिटतं. तितक्याच उंचीची ३ किलोहर्ट्झची लहर शंभरपट वेळ एका बाजूला ढकलत राहते, म्हणून वेळेतली चूकही शंभरपट. मीटरवरची गाळणी १०० किलोहर्ट्झवरून १० हर्ट्झवर आणली आणि मान खाली घातली. टायमिंग जिटर सव्वा बिट. मर्यादेबाहेर.

मग सगळं जुळलं. मधले रिक्लॉकर चपळ, तीन किलोहर्ट्झची थरथर त्यांच्या बँडविड्थच्या खूप खाली. ते तिच्याबरोबर आरामात डोलले, बिट बिनचूक वाचले आणि थरथर तशीच पुढे दिली. म्हणून मधल्या मॉनिटरवर काहीच दिसलं नाही. शेवटचं जुनं यंत्र मंद कानाचं. त्याला डोलता आलं नाही आणि लहरीच्या प्रत्येक टोकाला त्याने शेजारचा बिट वाचला. डिजिटल चित्राचं हे असंच असतं. कड्याच्या टोकापर्यंत चित्र अगदी झकास, आणि पुढच्या पावलाला खाली. कड्यापासून आपण किती लांब उभे आहोत ते चित्राकडे पाहून कळत नाही, मोजावंच लागतं.

दुरुस्तीत पहिली चूक माझीच. पुरवठ्याच्या रेषेत जलद गोंगाट अडवणारा फेराइट बीड टाकला, कारण सगळेच टाकतात. काहीही फरक पडला नाही. बीड मेगाहर्ट्झच्या पुढे काम करतो, तीन किलोहर्ट्झला तो नुसती तार असतो. वर, पुढचा कपॅसिटर चुकीचा निवडला तर दोघं मिळून एखाद्या भलत्याच ठिकाणी झंकारायला लागतात. खरा उपाय दोन ठिकाणी होता. रेग्युलेटरचा एक पाय ग्राउंडऐवजी पुरवठ्याला जोडला की तो डुलक्या काढत नाही, भार असो-नसो ३०० नेच चालतो. थोडी वीज वाया जाते, जाऊ दे. आणि व्हीसीएक्सओ व त्याच्या लूपला स्वतंत्र एलडीओ दिला, म्हणजे चालू-बंद न होता व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा रेग्युलेटर. काही किलोहर्ट्झची लहर एलडीओ शेकडो पटींनी दाबतो. मेगाहर्ट्झच्या वर तो दमतो, तिथून पुढे बीड आणि कपॅसिटर सांभाळतात.

हात लागलाच आहे तर आणखी दोन गोष्टी बदलल्या. लूपच्या गाळणीतला कपॅसिटर साध्या सिरॅमिकचा होता. जो कपॅसिटर व्होल्टेजने गातो, तो हलवला तर व्होल्टेजही देतो. शेजारच्या पंख्याची घरघर थेट क्लॉकमध्ये! तिथे सी-झीरो-जी जातीचा बसवला, तो न गातो न ऐकतो. दुसरं, पूर्वी क्लॉक एफपीजीएमधून फिरून बाहेर यायचा. एफपीजीए ही आतली जोडणी हवी तशी करून घेता येणारी चिप, म्हणजे आत हजारो दारं एकाच वेळी आपटणारी चाळ. तिच्यातून गेलेला क्लॉक निवांत राहील ही अपेक्षाच चूक. आता क्रिस्टलपासून सिग्नल पाठवणाऱ्या आयसीपर्यंत दोन रेषांची जोडी थेट जाते, आखूड, आणि खाली ग्राउंडचं अखंड तांबं. त्या तांब्याला मध्ये चीर पडू द्यायची नाही. परतीचा प्रवाह चिरेला वळसा घालतो आणि वाटेत भेटेल त्याचा गोंगाट उचलून आणतो.

टायमिंग जिटर बिटाच्या सहाव्या भागावर आली. स्टुडिओत नेऊन जोडलं, जांभळं-राखाडी चित्र रात्रभर लावून ठेवलं, सकाळी चुकांच्या खान्यात शून्य होतं.

तेव्हापासून आमच्या तपासणीच्या कागदावर दोन रकाने वाढलेत. प्रत्येक बोर्ड आधी पूर्ण भाराने आणि मग एक चॅनल बंद करून मोजायचा, गाळणी १० हर्ट्झवर ठेवून. दुसरा रकाना पेनने लिहिलेला आहे: ‘एसी बंद करून कान लावला का?’ तिथे सही तिचीच असते. तिचं शिक्षण संपलं, आता ती आमच्याकडेच कामाला आहे.